कॉलेजच्या अकाउंटचं दुसरं कुलूप: टू-फॅक्टरबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी एका कॉलेजच्या संगणक विभागात काम करते. प्रवेशाच्या दिवसांत आमच्या खिडकीवर ‘लॉगिन होत नाही’ म्हणणाऱ्यांची रांग सगळ्यांत लांब असते. त्यातल्या बहुतेकांचा पासवर्ड बरोबर असतो, अडतं ते दुसऱ्या पायरीवर. खिडकीवर रोज विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरतात, म्हणून उत्तरंही त्या दोन्हींना धरून आहेत. परदेशी जाणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

टू-स्टेप, टू-फॅक्टर, एमएफए हे सगळं एकच का?

तुमच्या कामापुरतं एकच. पासवर्ड ही तुम्हाला माहीत असलेली गोष्ट. तिच्या जोडीला तुमच्याजवळ असलेली एखादी वस्तू दाखवायची, म्हणजे फोन किंवा संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी छोटी किल्ली, यूएसबी की. एटीएममध्ये कार्ड आणि पिन दोन्ही लागतात, तसंच हे. ऑनलाइन कार्ड व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून असा दुसरा टप्पा सक्तीचा केला, त्यामुळे ओटीपी आपल्याला नवा नाही. नवं इतकंच की आता ओटीपीपेक्षा चांगले पर्यायही आपल्या हातात आहेत.

माझ्या कॉलेजच्या मेलमध्ये चोरण्यासारखं आहे तरी काय?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त ऐकू येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

संगणकावरच्या पासवर्डची चोरी सुरू झाली तीच विद्यापीठात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एक मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला होता. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला ठरवून दिलेला आठवड्याचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली. त्याला फक्त संगणकावर जास्त वेळ हवा होता.

आता हेतू वेगळे असतात. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने नऊ इराणी व्यक्तींवर आरोप ठेवले. अमेरिकेतली १४४ आणि इतर २१ देशांतली १७६ विद्यापीठं त्यांनी लक्ष्य केली होती. एक लाखाहून जास्त प्राध्यापकांच्या अकाउंटवर प्रयत्न झाले आणि सुमारे ८,००० अकाउंट हाती लागली. प्राध्यापकाच्या नेहमीच्या लॉगिन पानासारखं दिसणारं खोटं पान बनवायचं आणि तिथे पासवर्ड टाकायला लावायचा, एवढंच त्यांचं तंत्र. चोरी झाली ती संशोधनाची, प्रबंधांची आणि ग्रंथालयांनी विकत घेतलेल्या जर्नल्सची.

आपल्याकडे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० जर्नल्स खुली झाली आहेत. तुमचं संस्थेचं अकाउंट अशा दारांची किल्ली असतं.

यातलं काही तुमच्याजवळ नाही असं वाटत असेल, तर पुढचं बघा. तुमच्या मेलवरून वर्गातल्या साठ जणांना ‘परीक्षा फीची नवी लिंक’ गेली, तर किती जण पैसे भरतील? आयडी कॉलेजचा, नाव ओळखीचं, शंका कोणाला येणार? शिवाय बोनाफाइड, इंटर्नशिपचं ऑफर लेटर, ड्राइव्हवरचा अर्धा झालेला प्रोजेक्ट, सगळं त्याच एका पासवर्डमागे आहे.

मग कोणती पद्धत निवडू?

माझा क्रम असा: पासकी (फोनमध्ये साठवलेली, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारी डिजिटल किल्ली) किंवा यूएसबी सिक्युरिटी की सर्वांत वर, मग स्क्रीनवरचा आकडा फोनवर टाकून ‘हो’ म्हणायचं नोटिफिकेशन, मग ऑथेंटिकेटर, म्हणजे फोनवरच कोड तयार करणाऱ्या ॲपमधला सहा आकडी कोड आणि सर्वांत खाली एसएमएस.

यामागे आकडे आहेत. गूगलने २०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन दिएगो इथल्या संशोधकांबरोबर हे तपासलं. एसएमएसच्या कोडने यंत्रांकरवी होणारे हल्ले १०० टक्के थांबले, घाऊक फिशिंग (खोट्या पानांच्या लिंका सरसकट पाठवून पासवर्ड काढून घेणं) ९६ टक्के, पण एखाद्याला हेरून केलेले हल्ले ७६ टक्केच. फोनवरच्या नोटिफिकेशनने हेरून केलेले हल्ले ९० टक्के थांबले. सिक्युरिटी कीने तिन्ही प्रकार १०० टक्के.

सिक्युरिटी की इतकी पक्की असण्याचं कारण सोपं आहे. सहा आकडी कोड तुम्ही वाचता आणि टाइप करता. समोरचं पान खोटं असेल तर तो कोड चोराकडे जातो आणि त्याच क्षणी तो खऱ्या पानावर वापरला जातो. की आणि पासकी मात्र आधी साइटचा पत्ता तपासतात. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी त्या उत्तरच देत नाहीत. तुम्ही फसलात तरी की फसत नाही.

पण या क्रमापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे: ज्या दिवशी पहिली पद्धत लावाल, त्याच दिवशी दुसरीही लावा. एकच पद्धत लावलेला माणूस फोन हरवला की माझ्या खिडकीवर येतो. दोन लावलेला येत नाही.

एसएमएसला एवढं खाली का टाकता? बँकेचंही त्यावरच चालतं ना?

काहीच नसण्यापेक्षा एसएमएस शंभर पटींनी बरा. दुसरा मार्गच नसेल तर तोच लावा, संकोच करू नका. पण त्याची मेख अशी की तो तुमच्याकडे न येता सिमकडे येतो.

खोटी कागदपत्रं दाखवून कोणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं, तर कोड त्याच्याकडे जातात. म्हणून आपल्याकडे सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. नियम चांगला आहे, पण सिम खराब झालं म्हणून तुम्ही स्वतः बदललं तरी तो लागू होतो. सबमिशनच्या आदल्या दिवशी नवं सिम घेतलं, तर तो अख्खा दिवस कोड येणार नाही.

दुसरी गोष्ट रिचार्जची. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही आणि खात्यात २० रुपयांपेक्षा कमी शिल्लक असली, तर तो बंद होतो. त्यानंतर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो, आणि मग तुमचे कोड त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. सुट्टीत सिम काढून ठेवणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावं.

नंबर वडिलांचा आहे. काय बिघडतं?

मागच्या वर्षीचा प्रसंग सांगते. लॅब रात्री उघडी होती, बारा वाजता सबमिशनची मुदत संपणार होती. एका मुलीच्या अकाउंटला वडिलांचा नंबर जोडलेला. वडील मोटरपंपावर, कारण त्या आठवड्यात शेताची वीज रात्रीची होती. चौथ्यांदा फोन लागला. त्यांनी बॅटरीच्या उजेडात मेसेज उघडून जोडीजोडीने आकडे सांगितले. शेवटची जोडी ‘एकोणऐंशी’. तिने घाईत ८९ टाकलं. कोड चुकला, दुसरा मागवला, तोपर्यंत फोन कट. तिसऱ्या कोडला जमलं तेव्हा बाराला सहा मिनिटं होती.

त्या मुलीची चूक नव्हती आणि वडिलांची तर नव्हतीच. प्रवेशाच्या वेळी घरात तो एकच नंबर होता, तोच फॉर्मवर गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या फोनवर ऑथेंटिकेटर बसवलं आणि दहा बॅकअप कोड, म्हणजे एकदाच चालणारे राखीव कोड, छापून दिले. वडिलांचा नंबर काढला नाही, तो तिसरा पर्याय म्हणून राहू दिला. आता तिला त्यांना मध्यरात्री उठवावं लागत नाही.

स्वतःचा स्मार्टफोनच नसेल तर? छापलेले बॅकअप कोड चालतात. यूएसबी की चालते, पण तिला काही हजार रुपये पडतात आणि ते सगळ्यांना परवडत नाहीत हे मी जाणते. विभागासाठी चार-पाच की घेऊन गरजू विद्यार्थ्यांना वर्षभर वापरायला द्याव्यात, ग्रंथालयातल्या पुस्तकासारख्या, असं मी प्रत्येक बैठकीत मांडत असते. तुमच्या कॉलेजातही मागणी करा.

प्रवेशाचा फॉर्म सायबर कॅफेत भरला होता. कोड त्या दादाच्या फोनवर जातो.

हे फार मुलांच्या बाबतीत घडतं. गर्दीत काम लवकर उरकावं म्हणून फॉर्म भरणारा स्वतःचा नंबर, कधी स्वतःचा मेल आयडीही टाकतो. त्याचा हेतू वाईट नसतो, पण तुमच्या अकाउंटची दुसरी किल्ली त्याच्या गल्ल्यात राहते. पहिल्या आठवड्यातच ओळखपत्र घेऊन कॉलेजच्या संगणक विभागात जा आणि नंबर बदलून घ्या. रिकव्हरी ईमेल कोणाचा आहे तेही तिथेच बघा, तो बदलायचा बऱ्याचदा राहून जातो.

सेटिंग नेमकं कुठे करायचं?

गूगलचं अकाउंट असेल तर जीमेल उघडा, उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर टिचकी मारा, ‘मॅनेज युअर गूगल अकाउंट’मध्ये जा, तिथे ‘सिक्युरिटी’ आणि त्यात ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’. वर दोन अकाउंट उघडी असतील तर आपण कॉलेजच्याच अकाउंटमध्ये आहोत ना, हे आधी बघा. घरच्या जीमेलवर सगळं करून ‘झालं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मायक्रोसॉफ्ट असेल तर ‘माय अकाउंट’मध्ये ‘सिक्युरिटी इन्फो’ आणि तिथे ‘ॲड साइन-इन मेथड’.

ॲप जोडताना स्क्रीनवर क्यूआर कोड येतो. तो फोनमधल्या ॲपने स्कॅन करायचा आणि ॲपमध्ये दिसलेला सहा आकडी कोड परत स्क्रीनवर टाकायचा, की जोडणी झाली. त्या क्यूआरचा स्क्रीनशॉट काढू नका, मित्राला तर मुळीच पाठवू नका. त्या चौकोनात कोड तयार करणारं गुपितच असतं, त्यामुळे तो ज्याच्याकडे गेला त्याच्या फोनवरही तुमचेच कोड दिसू लागतात.

हे काम संगणक आणि फोन दोन्ही समोर ठेवून करा. नुसत्या फोनवर करायला गेलं की फोनवरचा क्यूआर फोननेच कसा स्कॅन करायचा, तिथे गाडी अडते. तसं झालंच तर ‘कान्ट स्कॅन इट’ निवडा आणि दिसणारी अक्षरं ॲपमध्ये कॉपी करा.

ॲपमधला कोड बरोबर टाकला तरी ‘चुकीचा’ म्हणतो.

फोनचं घड्याळ बघा. जोडताना स्कॅन केलेल्या क्यूआरमधलं गुपित आणि चालू वेळ यांवरून दर ३० सेकंदांनी नवा कोड तयार होतो, म्हणून फोन काही मिनिटं पुढे-मागे असला तरी कोड जुळत नाही. गेममध्ये लाइफ लवकर मिळावी म्हणून वेळ पुढे केलेले फोन मी कितीदा पाहिले आहेत. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा. अकाउंट दोनदा जोडलं असेल तर जुनी नोंद काढा, तिचा कोड चालत नाही.

होस्टेलवर रेंज नाही, नेटही नाही. चालेल का?

ऑथेंटिकेटरचा कोड चालेल. त्याला सिम लागत नाही, नेट लागत नाही, विमानातही दिसतो. नोटिफिकेशनला मात्र नेट लागतं.

परीक्षा लॅबमध्ये असते आणि फोन बाहेर ठेवावा लागतो. मग?

बॅकअप कोड. परीक्षेला बसताना एक कोड कागदावर लिहून न्या आणि पर्यवेक्षकांना आधी दाखवा. लॅबच्या संगणकावर ‘या संगणकावर पुन्हा विचारू नका’ या चौकोनात खूण करू नका, तुमच्यामागे त्याच खुर्चीवर दुसरं कोणी बसणार असतं.

पासकीवाल्यांसाठी एक गोष्ट. फोनमधल्या पासकीने दुसऱ्या संगणकावर लॉगिन करताना क्यूआर स्कॅन करावा लागतो आणि दोन्हीकडे ब्लूटूथ चालू असावं लागतं. लॅबमधल्या जुन्या डेस्कटॉपना बऱ्याचदा ब्लूटूथच नसतं. पासकी घ्या, जरूर घ्या, पण लॅबसाठी दुसरा मार्ग तयार ठेवा.

बॅकअप कोड म्हणजे काय आणि ते ठेवायचे कुठे?

गूगल एका वेळी दहा कोड देतं, प्रत्येकी आठ आकडी. एक कोड एकदाच चालतो. नवे काढले की जुने सगळे रद्द होतात. मायक्रोसॉफ्टच्या कॉलेज अकाउंटला अशी यादी मिळत नाही. तिथे अडलात तर ॲडमिन, म्हणजे कॉलेजची अकाउंट सांभाळणारा, थोड्या वेळापुरता लॉगिनचा पास काढून देतो.

ठेवायचे कागदावर. मार्कशीट आणि जातीचा दाखला ज्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपता, त्यातच. ती जागा घरात सगळ्यांना माहीत असते आणि कोणी टाकूनही देत नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवलेला फोटो नको, आणि त्याच मेलमध्ये जतन केलेली फाइल तर अजिबात नको. दाराची किल्ली घरात ठेवून कडी लावल्यासारखं ते होतं.

फोन हरवला. आता?

आधी दुसऱ्या मार्गाने लॉगिन करा आणि हरवलेला फोन सिक्युरिटीच्या पानावरून काढून टाका. मग पासवर्ड बदला आणि सिम बंद करा. दुसरा मार्गच नसेल तर ओळखपत्र घेऊन संगणक विभागात या. फोनवरून ‘मी अमुक बोलतोय, काढून द्या’ म्हटलं तर आम्ही देत नाही आणि देऊही नये, कारण चोरही तेच म्हणतो.

नवा फोन घेतला असेल तर जुना विकण्याआधी सगळं हलवा. गूगल ऑथेंटिकेटरमधून क्यूआर दाखवून कोड नव्या फोनवर नेता येतात, आणि एप्रिल २०२३ पासून ते गूगल अकाउंटमध्येही साठवता येतात. पण कॉलेजच्या अकाउंटचा कोड त्याच अकाउंटमध्ये साठवू नका, आत शिरायला कोड हवा आणि कोड आत अडकलेला असं होईल. मायक्रोसॉफ्टचं कॉलेज अकाउंट नव्या फोनवर पुन्हा साइन-इन करून जोडावंच लागतं.

मी काहीच केलं नाही, तरी ‘तुम्ही लॉगिन करताय का?’ असं येतंय.

‘नाही’ दाबा. तुमचा पासवर्ड कोणाच्या तरी हातात गेला आहे, म्हणून लगेच बदला.

कधी एकामागून एक दहा-वीस नोटिफिकेशन येतात, रात्री दोनलाही. कंटाळून तुम्ही ‘हो’ म्हणावं हाच डाव असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत शिरकाव झाला तो असाच: आधी नोटिफिकेशनचा भडिमार, मग आयटी विभागातून बोलतोय असं सांगून व्हॉट्सॲपवर मेसेज, आणि शेवटी त्या माणसाने ‘हो’ केलं. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून स्क्रीनवरचा दोन आकडी नंबर ॲपमध्ये टाकणं सक्तीचं केलं. समोर स्क्रीनच नसेल तर नंबर कुठून टाकणार?

कॉलेजमधून बोलतोय म्हणत कोणी कोड मागितला तर फोन ठेवा. आम्हाला तुमचा कोड कधीच लागत नाही. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

पासकी घेतली तर माझ्या बोटाचा ठसा विद्यापीठाकडे जातो का?

नाही. ठसा किंवा चेहरा फोनमध्येच तपासला जातो. विद्यापीठाला फक्त ‘हा तोच फोन आहे’ याचा गणिती पुरावा मिळतो.

ऑथेंटिकेटर टाकलं की कॉलेजला माझे फोटो, चॅट दिसतात का?

दिसत नाहीत. मात्र एखादं ॲप फोनचा ‘डिव्हाइस ॲडमिन’ होण्याची परवानगी मागत असेल तर ‘हो’ म्हणण्याआधी विभागात विचारा, ती वेगळी गोष्ट आहे.

माझा मेल ऑफिसातले क्लार्क बघतात. टू-फॅक्टर लावलं तर त्यांना कसं उघडणार?

सर, मॅडम, हा प्रश्न तुम्ही मोकळेपणाने विचारता याचा मला आनंद आहे, कारण अनेक विभागांत एकच पासवर्ड चार जणांकडे असतो आणि कोणी बोलत नाही. पासवर्ड द्यायची गरज नाही. जीमेलमध्ये ‘डेलिगेशन’ची सोय आहे, ॲडमिनने ती सुरू केली की क्लार्क स्वतःच्या लॉगिनने तुमचा मेल वाचू शकतात. मायक्रोसॉफ्टमध्ये विभागासाठी ‘शेअर्ड मेलबॉक्स’ करता येतो. कोणी कधी उत्तर दिलं याची नोंद राहते, आणि बदली झाली की त्या एकाच माणसाची परवानगी काढता येते.

पगाराचा तपशीलही याच मेलशी जोडलेला असतो. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांवरचे असे हल्ले उघड केले. चोरांनी कर्मचाऱ्यांच्या अकाउंटमध्ये शिरून पगाराचं बँक खातं बदललं, कळवणारे मेल परस्पर डिलीट होतील असे नियम लावले आणि दुसऱ्या पायरीसाठी स्वतःचे फोन नंबर जोडून ठेवले. म्हणून महिन्यातून एकदा सिक्युरिटीच्या पानावर जाऊन आपल्या नावावर कोणाकोणाचा फोन आहे ते बघत जा.

अमेरिकेत एमएसला जातोय. तिथे ‘ड्युओ’ लागतं म्हणे.

हो, दुसऱ्या पायरीसाठी तिथल्या पुष्कळ विद्यापीठांत ड्युओच आहे. ही कंपनी मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरची, २०१८ पासून सिस्कोच्या मालकीची. प्रवेशपत्र आल्यावर भारतात असतानाच ते सुरू करायला सांगतात. तेव्हा भारतातला नंबर देण्यापेक्षा ‘ड्युओ मोबाइल’ ॲपच जोडा. तिकडचं सिम घेतल्यावर भारतातलं सिम फोनमध्ये नसलं तरी ॲप चालत राहतं, आणि त्यातला पासकोड नेट नसतानाही मिळतो. विमानतळावर उतरल्या उतरल्या होस्टेलचा पत्ता विद्यापीठाच्या मेलमधून काढायचा असतो, तेव्हा तो पासकोड उपयोगी पडतो. सोबत दुसरं साधन, टॅबलेट किंवा यूएसबी की, निघण्याआधीच जोडा.

भारतातलं सिम मात्र बंद पडू देऊ नका. इथली बँक आणि आधार त्याच नंबरवर आहेत.

पास झाल्यावर हे अकाउंट बंद होईल. त्याआधी काय करू?

कॉलेजच्या मेलने कुठे कुठे लॉगिन केलं आहे त्याची यादी करा: नोकरीच्या साइट्स, गिटहब, स्कॉलरशिपचं पोर्टल, एखादं ऑनलाइन सर्टिफिकेट. तिथला ईमेल बदलून स्वतःचा टाका, कारण त्या साइट्सचे कोडही याच मेलवर येत असतात. ड्राइव्हवरचा प्रोजेक्ट उतरवून घ्या. हे शेवटच्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी उरका. निकालानंतर किती दिवसांत अकाउंट बंद होतं ते प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं, आणि एकदा बंद झालं की आमच्या खिडकीवरूनही ते उघडता येत नाही.